बाळाच्या नावाचा चेक कोणाचा?



स्नानसंस्कार, पहिली कम्युनियन, वाढदिवस, नाताळ. घरातल्या लहान मुलाच्या हातात पाकीट पडण्याचे हे दिवस. पूर्वी पाकिटात नोट असायची. आता एखादा मामा, एखादी आत्या, आखातात नोकरीला असलेला काका मुलाच्या नावाने चेक लिहून देतो. समारंभ आटोपतो, मंडप उतरतो, भाड्याच्या खुर्च्या परत जातात आणि रात्री आईबाप पाकिटे उघडून बसतात. नोटा एका बाजूला, चेक दुसऱ्या बाजूला. नोटांचे फारसे अडत नाही. केटररच्या बिलात त्या सहज मिसळतात. चेक मात्र मिसळत नाही. त्यावर नाव लिहिलेले असते आणि ते नाव आईचेही नसते, वडिलांचेही नसते.

या कागदाचे काय करायचे, हा प्रश्न बँकेचा आहेच. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. ज्याला मागता येत नाही, ज्याला हिशेब विचारता येत नाही, त्याच्या पैशाशी आपण कसे वागतो? आपण दोन्ही प्रश्न क्रमाने पाहू.

आधी बँकेचे

चेकवर दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिले असेल, तर ती रक्कम ज्याचे नाव आहे त्याच्याच खात्यात जमा होते. आईच्या किंवा वडिलांच्या खात्यात ती भरता येत नाही. म्हणजे मुलाचे खाते हवे. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी बँकांना जे सुधारित निर्देश दिले, त्यानुसार कोणत्याही वयाच्या मुलाचे बचत खाते किंवा मुदत ठेव पालकामार्फत उघडता येते आणि आईही पालक म्हणून सही करू शकते. मूल १० वर्षांचे झाले की बँक आपल्या नियमांच्या मर्यादेत त्याला स्वतः खाते चालवू देऊ शकते. १८ वर्षे पूर्ण झाली की मुलाच्या सहीचा नवा नमुना घेतला जातो. त्यानंतर खात्याचा कारभार त्याचा.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे. पाकीट कपाटात जपून ठेवले आणि विसरले, तर प्रेमाने दिलेली भेट नुसता कागद होऊन बसते. दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे मुलाला घरात एका नावाने हाक मारतात, स्नानसंस्काराच्या नोंदीत दुसरे नाव असते आणि जन्मदाखल्यावर कधी तिसरेच. चेक मात्र खात्यावरच्या नावानेच वटतो. म्हणून देणाऱ्यांना विनंती, की चेक लिहिण्यापूर्वी मुलाचे खाते आहे का आणि ते कोणत्या नावाने आहे, हे आईवडिलांना एकदा विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

व्याजाबद्दलही थोडे सांगायला हवे. मुलाच्या ठेवीवर मिळणारे व्याज आयकरासाठी सर्वसाधारणपणे आई किंवा वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. यावरून काहीजण म्हणतात, "कर आम्ही भरतो, म्हणजे पैसा आमचाच झाला." तसे नाही. मोठ्यांनी आपले उत्पन्न मुलांच्या नावावर दाखवून कर चुकवू नये, म्हणून हा नियम आहे. त्याने मालकी बदलत नाही. आणि ज्यांना मुलाचे खाते स्वतःचे पैसे लपवण्याची सोयीची जागा वाटते, त्यांनीही हा नियम कशासाठी आला ते लक्षात घ्यावे. मुलाचा पैसा आपला म्हणणे आणि आपला पैसा मुलाचा म्हणून दाखवणे, ही एकाच खोटेपणाची दोन तोंडे आहेत.

मालक कोण?

१८ वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, पण भेट मिळू शकते आणि मालमत्ता त्याच्या मालकीची असू शकते, असे आपल्या देशाचा कायदा मानतो. पालक आणि पाल्य यांच्याविषयीचा १८९० चा कायदा पालकाचे नाते विश्वासाचे समजतो. पालकाने त्या नात्यातून स्वतःचा फायदा काढू नये आणि पाल्याची मालमत्ता आपली स्वतःची सांभाळावी तितक्याच काळजीने सांभाळावी, असे तो सांगतो. थोडक्यात, आईवडील राखणदार आहेत. किल्ली त्यांच्याकडे आहे, म्हणून घर त्यांचे होत नाही.

नेहमी असेच मानले जात असे, असे नाही. प्राचीन रोममध्ये मुलाच्या हाती जे काही येईल ते वडिलांचे समजले जाई, मग मुलगा कितीही मोठा झालेला असो. हळूहळू त्यात अपवाद आले. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या कायद्याने बाहेरून मिळालेली मालमत्ता मुलाची ठरवली. वडिलांना ती सांभाळण्याचा आणि तिचा उपभोग घेण्याचा हक्क राहिला, मालकी मात्र राहिली नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन लॉक या विचारवंताने आणखी पुढे जाऊन म्हटले, की वडिलांचा अधिकार मुलाच्या मालमत्तेपर्यंत पोहोचतच नाही. मूल माणूस आहे, आईवडिलांच्या सामानातली वस्तू नाही, हे कळायला माणसाला इतका काळ लागला. आपल्या घरात मात्र कधी कधी अजून जुने रोमच नांदत असते.

आपण देत असलेली कारणे

"समारंभाचा खर्च आम्हीच केला ना?" हे पहिले कारण. खर्च झाला हे खरे. हॉल, जेवण, कपडे, फोटोग्राफर, बँड. पण हे सारे मुलाने मागितले होते का? सहा महिन्यांच्या बाळाला पाचशे पाहुण्यांची गरज नव्हती. जेवण आपल्या हौसेचे होते, आपल्या नात्यांचे होते, थोडेफार आपल्या प्रतिष्ठेचेही होते. त्याचे बिल बाळाच्या नावावर फाडणे बरोबर नाही. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी समारंभ लहान करावा. संस्काराला त्याने काहीही उणेपणा येत नाही.

दुसरे कारण जास्त वजनदार आहे. "अहो, हा अहेर आहे. आज त्यांनी आम्हांला दिला, उद्या त्यांच्या घरी कार्य निघाले की आम्हांला द्यावा लागेल. मुलाचे नाव फक्त पाकिटावर." यात पुष्कळ तथ्य आहे. आपल्या अनेक घरांत अहेराची वही असते. कोणी किती दिले ते तीत लिहून ठेवतात आणि त्यांच्या घरचे कार्य आले की वही उघडून पाहतात. ही देवघेव दोन घरांमधली असते. त्यात प्रेम असते, शेजारधर्म असतो आणि अडीअडचणीला एकमेकांच्या कार्याला हातभार लावण्याची जुनी रीतही असते. असा अहेर घराचा मानला आणि त्यातून केटररचे पैसे दिले, तर त्या आईवडिलांनी मुलाला लुबाडले असे कोणी म्हणू नये. आम्हीही म्हणत नाही.

पण मग चेकवर मुलाचे नाव लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते? त्याला वडिलांचे नाव ठाऊक नव्हते, असे तर नाही. नोट घालून पाकीट देणे सोपे होते. तरी तो थांबला, मुलाचे नाव विचारून घेतले आणि अक्षरात लिहिले. त्याने आपली इच्छा स्पष्ट केली. ही भेट या मुलासाठी आहे. ती आपल्या सोयीने बदलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

देणाऱ्याच्या इच्छेचा मान राखणे ख्रिस्तसभेला नवे नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये कलम १२६७ सांगते, की श्रद्धावंतांनी ठरावीक हेतूसाठी दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरले पाहिजे. आपण तर याबाबतीत फार जागरूक असतो. चर्चच्या छपरासाठी वर्गणी दिली आणि ती पैसा मैदानाच्या कुंपणाला गेला असे नुसते कानावर आले, तरी आपण सभेत उभे राहून जाब विचारतो. विचारायलाच हवा. हीच कसोटी आपल्या घरातल्या कपाटालाही लावावी. चर्चच्या पैशाला एक न्याय आणि लेकराच्या पैशाला दुसरा, असे कसे चालेल?

तिसरे कारण: "त्याला खाऊपिऊ घालतो कोण? शाळेची फी भरतो कोण?" मुलाला वाढवणे हे आईवडिलांचे कर्तव्य आहे. मुलाला दिलेले ते कर्ज नव्हे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, आपण त्यांच्यावर ओझे का टाकत नाही हे सांगताना, हाच दाखला घेतला आहे. साठवायचे ते आईवडिलांनी मुलांसाठी, मुलांनी आईवडिलांसाठी नव्हे. मुलगा मोठा होऊन म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळील, सांभाळायलाच हवे, पण ते त्याने जाणत्या वयात, स्वतःच्या मनाने द्यायचे आहे. पाळण्यात असताना त्याच्याकडून आगाऊ वसूल करायचे नाही.

घर अडचणीत असेल तर?

आता खरा अवघड प्रश्न. वडिलांची नोकरी गेली, आई आजारी पडली, घरभाडे थकले. मुलाच्या खात्यात वीस हजार रुपये पडून आहेत. त्यांना हात लावायचा की नाही? "मुलाचे ते मुलाचे" असे म्हणून औषधावाचून राहायचे का?

इथे आपल्याला नाताळची एक परिचित गोष्ट उपयोगी पडते. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस दिला, असे संत मत्तय सांगतो. भेट बाळाची होती. त्या सोन्याचे पुढे काय झाले, हे सुवार्तेत लिहिलेले नाही. पण लगेचच संत योसेफाला बाळाला आणि आईला घेऊन रातोरात इजिप्तला निघावे लागले. परक्या देशात, हातात काम नसताना, त्या सोन्यानेच या कुटुंबाला तारले असावे, असा तर्क अनेक प्रवचनकार करत आले आहेत. तसे झाले असेल तर योसेफाने काही चूक केली, असे आपल्यापैकी कोणालाही वाटणार नाही. बाळाचा जीव वाचवायला बाळाचेच सोने खर्च झाले. त्याच सोन्यातून योसेफाने नाझरेथात नवा वाडा बांधला असता, तर मात्र आपण वेगळा विचार केला असता.

यातून निघणारा नियम अगदी साधा आहे. मूल घराचाच भाग आहे. घराचे छप्पर कोसळले तर त्याच्याही डोक्यावर कोसळते. म्हणून खऱ्या संकटात त्याचा पैसा वापरणे हे पाप नव्हे. मात्र वापरण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गरज खरी आहे का, की नवा टीव्ही, नवी मोटारसायकल, गावातल्या दुसऱ्या कोणाची बरोबरी? या खर्चाचा आधार त्या मुलापर्यंत पोहोचतो का? आणि आपल्याकडे दुसरा काही मार्ग उरला आहे का? तिन्ही प्रश्नांना प्रामाणिक उत्तर मिळाले, तर पैसे काढावेत, किती काढले ते वहीत लिहावे आणि जमेल तेव्हा परत भरावेत. अहेराच्या वहीत परक्यांचे देणे इतके काटेकोर लिहितो, तर लेकराचे का लिहू नये? परत करण्याइतके कधीच जमले नाही, तरी स्वतःला दोष देत बसू नये. मूल जाणते झाले की त्याला जवळ बसवून सांगावे, "तुझे पैसे घरासाठी लागले, ते यासाठी लागले." बहुतेक मुलांना त्याचे वाईट वाटत नाही. आपलाही घराला उपयोग झाला, याचा त्यांना अभिमान वाटतो. वाईट वाटते ते लपवल्याचे.

दोन नाजूक प्रसंग

पहिला भावंडांचा. थोरल्याच्या कम्युनियनला पुष्कळ भेटी आल्या, धाकटीच्या वेळी साथीचे दिवस होते म्हणून मोजकीच माणसे आली. मग दोघांचे एकत्र करून समान वाटावे का? आईवडिलांना समानता राखावीशी वाटते हे चांगले आहे. ती आपल्या खिशातून राखावी. एकाचे काढून दुसऱ्याला दिले तर समानता येत नाही, एकावर अन्याय मात्र होतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मुलीच्या नावावर आलेले पैसे मुलाच्या फीसाठी किंवा त्याच्या परदेशी जाण्यासाठी वापरणे. "ती काय, लग्न करून जाणार" हे वाक्य अजून ऐकू येते. स्नानसंस्कारात मुलीला कमी आणि मुलाला जास्त असे काही मिळत नाही. मग बँकेच्या पासबुकात तो भेद आला कुठून?

दुसरा प्रसंग दानाचा. काही भाविक आईवडील मुलाला मिळालेली सगळी रक्कम अनाथाश्रमाला किंवा चर्चला देऊन टाकतात. हेतू उत्तम असतो. पण दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानात आपला त्याग कुठे आहे? स्वतःच्या पगारातून द्यावे. मुलाच्या भेटीतून काही द्यायचे असेल, तर तो समजण्याएवढा झाल्यावर त्याला विचारावे. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःहून काढून दिलेले पन्नास रुपये, त्याच्या नकळत दिलेल्या पाच हजारांपेक्षा त्याला कितीतरी जास्त शिकवतात.

मुलाला कधी सांगायचे?

पोप दहावे पायस यांनी १९१० साली पहिल्या कम्युनियनचे वय खाली आणले आणि साधारण सातव्या वर्षी मुलाला समज येते, असे मानले. साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक मुलाला कळतो, असा ख्रिस्तसभेने त्याच्यावर विश्वास टाकला. ज्याला हा फरक कळतो, त्याला आपले आणि परक्याचे यांतला फरक कळणार नाही का? म्हणून पहिल्या कम्युनियनच्या वेळी मुलाला पासबुक दाखवावे. कोणी किती दिले ते वाचून दाखवावे आणि देणाऱ्याला त्याच्याच हाताने आभाराच्या दोन ओळी लिहायला लावाव्यात किंवा फोनवर बोलायला लावावे. थोडी रक्कम त्याच्या आवडीच्या वस्तूसाठी काढून द्यावी. भेट आनंदासाठी असते. सगळीच्या सगळी अठरा वर्षे कुलपात ठेवली, तर मुलाला बचत कळेल, भेट कळणार नाही.

आणि १८ व्या वर्षी? "हाती दिले आणि उडवले तर?" ही भीती प्रत्येक आईवडिलांना असते. उडवीलही कदाचित. मालकी म्हणजे चुकण्याचाही अधिकार. पण ज्या मुलाने दहाव्या वर्षापासून स्वतःचे पासबुक भरून आणले, आपल्या पैशाला आईवडील विचारल्याशिवाय हात लावत नाहीत हे पाहिले, त्याच्या हातून पैसा सहसा सहज उडत नाही. सांभाळणे शिकवायला सांभाळलेले दाखवावे लागते.

आपल्या वसईकरांना हे वेगळे सांगायला नको. बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेची सुरुवात १९१८ साली एका पतसंस्थेतून झाली. शेतकऱ्यांनी, कष्टकऱ्यांनी आपली पुंजी दुसऱ्यांच्या हवाली केली ती एवढ्याच भरवशावर, की आपले ते आपल्याला परत मिळेल. मोठ्या माणसांना तो भरवसा लागतो. मुलालाही लागतो. फरक इतकाच, की मूल तो न मागता देऊन टाकते. "माझ्याकडे दे, तुझ्यासाठी ठेवते" असे आईने म्हटले की ते पाकीट पुढे करते. पावती मागत नाही. पैशाच्या व्यवहारात त्याने माणसावर ठेवलेला हा पहिला विश्वास असतो.

आजकाल भेटी चेकनेही येत नाहीत. मंडपात फलकावर क्यूआर कोड लावलेला असतो आणि रक्कम थेट वडिलांच्या मोबाईलला जोडलेल्या खात्यात जमा होते. त्यात मुलाचे नाव कुठेच उरत नाही. चेकवरचे नाव आपल्याला निदान अडवत होते. आता अडवणारे काही नाही, म्हणून आपणच अधिक सावध राहायला हवे. ज्यांनी रक्कम पाठवताना "बाळासाठी" असे लिहिले असेल, त्यांचे पैसे त्याच आठवड्यात बाळाच्या खात्यात वळते करावेत.

ज्या घरी या वर्षी स्नानसंस्कार किंवा पहिली कम्युनियन आहे, त्यांनी पत्रिका छापायला देण्याआधी जन्मदाखला घेऊन बँकेत जावे आणि मुलाचे खाते उघडावे. ज्यांच्या कपाटात जुनी पाकिटे आहेत, त्यांनी आज मिस्साहून घरी गेल्यावर ती काढून चेकवरच्या तारखा पाहाव्यात. आणि ज्यांच्या हातून मुलाचे पैसे घरात खर्च झाले आहेत, त्यांनी वहीचे एक नवे पान उघडून वर मुलाचे नाव लिहावे आणि खाली आकडा. फेडायला दहा वर्षे लागली तरी चालतील.